डिसीज, सिक, इल, क्रॉनिक: आजारपणाच्या इंग्रजी शब्दांच्या पोटात काय आहे?

रानजाई (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात मी बावीस वर्षं नर्स आहे. गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगते, म्हणजे हा धागा का काढला ते कळेल.

वॉर्डात एक आजी होत्या, दम्याच्या. बरं वाटत होतं, दुसऱ्या दिवशी घरी जायच्या होत्या. नातवाने डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवलं, त्यात 'क्रॉनिक' असा शब्द. शेजारच्या कॉटजवळ बसलेल्या कुणीतरी सांगून टाकलं की क्रॉनिक म्हणजे शेवटची पायरी. दुपारी मी राउंडला गेले तर आजींचं ताट तसंच, वर दुसरं ताट पालथं घातलेलं. भाकरीचा एक तुकडाही मोडलेला नव्हता. "जेवला का नाहीत?" विचारलं तर म्हणाल्या, "आता जेवून काय करायचं बाई, कार्डावर लिहिलंय ना."

मी कॉटवर टेकले. सांगितलं, 'ख्रोनोस' म्हणजे ग्रीक भाषेत काळ. क्रॉनिक म्हणजे पुष्कळ काळ चाललेला. तुमचा दमा किती वर्षांचा? म्हणाल्या, "धाकटा पोटात होता तेव्हापासून." म्हटलं, मग तेवढंच लिहिलंय डॉक्टरांनी. जुना, मुरलेला दमा. आजींनी माझ्याकडे दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि ताट ओढून घेतलं.

याच्या उलट 'अक्यूट'. पेशंटला वाटतं हा शब्द हलका आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धारदार, टोकदार. सुईसाठीचा शब्दही त्याच घरातला. अचानक येतो, जोरात येतो तो अक्यूट. क्रॉनिक दुखणं सौम्य असू शकतं आणि अक्यूट दुखणं तासाभरात जिवावर बेतू शकतं. लोक नेमकं उलटं धरून बसतात.

त्या दिवसापासून मी हे शब्द उघडून बघतेय. 'डिसीज' घ्या. 'डिस' आणि 'ईझ', जुन्या फ्रेंचमधून आलेला. आरामाचा, स्वस्थतेचा अभाव, एवढंच. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ नुसती अडचण, चैन न पडणं असाही होता, आजार हा अर्थ हळूहळू पक्का झाला. आणि 'पेशंट' म्हणजे लॅटिनमध्ये सोसणारा! 'पेशन्स ठेवा' मधला पेशन्स तोच. हे कळलं तेव्हा मला बावीस वर्षांतले किती चेहरे आठवले.

तुम्हाला माहीत असतील ते शब्द इथे सांगा. पेशंटला समजावताना मला त्यांचा उपयोग होतो.

अक्षरवेल्हाळ (सोमवार, रात्री ९.५२)

रानजाईताई, आजींची गोष्ट वाचून गलबललं. धाग्याला माझ्याकडून एक भर.

'डिसीज'चं जे झालं त्याच्या बरोबर उलट आपल्या 'अस्वस्थ' शब्दाचं झालंय. स्वस्थ म्हणजे स्व-स्थ, आपल्या ठिकाणी असलेला. अस्वस्थ म्हणजे आपल्या जागेवरून ढळलेला. हिंदीत 'वे अस्वस्थ हैं' म्हटलं की माणूस आजारी. मराठीत मात्र 'मी अस्वस्थ आहे' म्हणजे मनाला चैन नाही. इंग्रजी शब्द बेचैनीकडून आजाराकडे गेला, मराठी शब्द आजाराकडून बेचैनीकडे आला. 'प्रकृती-अस्वास्थ्यामुळे गैरहजर' या सरकारी वाक्यात तेवढा जुना अर्थ शिल्लक आहे.

आणि 'रोग'! संस्कृतात रुज् म्हणजे मोडणं. त्यापासून रोग, आणि रुग्ण म्हणजे मोडलेला. आपण दिवसातून दहा वेळा 'रुग्णालय' म्हणतो. मोडलेल्यांचं घर आहे ते.

टेम्सकाठी (सोमवार, रात्री ११.२०)

इंग्लंडमध्ये राहून अकरा वर्षं झाली. 'सिक' आणि 'इल' मधला फरक मी अनुभवाने शिकले, शाळेत कुणी शिकवला नव्हता. मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा तापाने फणफणला. दवाखान्यात मी सांगितलं, तीन दिवस तो सिक आहे. डॉक्टरांनी लगेच विचारलं, किती वेळा? पाणी तरी पोटात राहतंय का? मला कळेचना. ब्रिटिश बोलीत 'ही वॉज सिक' म्हणजे त्याला उलटी झाली. 'आय फील सिक' म्हणजे मळमळतंय. ते उलट्यांचे प्रश्न विचारत होते आणि मी हो-हो करत होते. सुदैवाने परिचारिकेच्या लक्षात आलं आणि तिने ताप आहे का ते विचारलं. नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी आईला मी हे आवर्जून सांगते.

'सिक'चा सर्रास 'आजारी' असा अर्थ अमेरिकेत चालतो. इथेही 'सिक लीव्ह', 'सिक नोट' अशा जोडशब्दांत तो टिकून आहे. आणि नामाच्या आधी लावायचा झाला तर इथेही 'सिक चाइल्ड' म्हणतात, 'इल चाइल्ड' कानाला खटकतं.

अक्षरवेल्हाळ (सोमवार, रात्री ११.४१)

यात जुना कोण ते सांगतो. 'सिक' मूळचा इंग्रजी घरातला, जुन्या इंग्रजीत 'सेओक'. 'इल' उपरा आहे, उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतला. तिथे 'इल्लर' म्हणजे वाईट, दुष्ट. आजही 'इल विल' म्हणजे दुष्टावा. 'इलनेस' शब्द पहिल्यांदा आला तेव्हा त्याचा अर्थ दुष्टपणा होता, आजारपण नाही. 'ईव्हिल'शी मात्र त्याचं नातं नाही, दिसायला जवळचे वाटले तरी.

मराठीत बघा, आपण 'मला बरं नाही' म्हणतो. बरं म्हणजे चांगलं. चांगलं नाही म्हणजे आजारी. आणि दुखणं गेलं की माणूस 'बरा' होतो. वाईटातून आजार आणि चांगल्यातून आरोग्य, दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने हेच केलं.

लोहमार्ग (मंगळवार, सकाळी ६.३५)

आमच्या रेल्वेत 'सिक' हा शब्द माणसांपेक्षा डब्यांना जास्त लागतो. सी अँड डब्ल्यूमध्ये, म्हणजे डबे-वाघिणी तपासणाऱ्या खात्यात, माझी तीस वर्षं गेली. गाडी तपासताना चाकात, स्प्रिंगमध्ये, ब्रेकमध्ये दोष दिसला की डबा 'सिक मार्क' करायचा. तो गाडीतून काढून 'सिक लाइन'वर न्यायचा. दुरुस्त झाला की 'फिट'. कर्मचाऱ्यांचंही तेच. 'तो सिकमध्ये आहे', 'काल फिट घेतलं', असंच आम्ही बोलतो, घरीसुद्धा.

सिक लाइनवरचा डबा लांबून धडधाकट दिसतो. रंग नवा, काचा चकाचक. हातोडी घेऊन चाकावर टोला मारला की आवाजावरून कळायचं. चांगल्या चाकाचा आवाज घणघणीत येतो, तडा गेलेल्या चाकाचा बसका. माझ्या उस्तादांनी मला हे शिकवलं तेव्हा म्हणाले होते, डॉक्टर छातीवर बोटं वाजवून ऐकतो ना, तेच आपलं काम.

गिरणगाव (मंगळवार, सकाळी १०.०५)

लोहमार्गदादा, तुमचं वाचून लिहायला बसलो. आमच्या घरात 'सिक' शब्द वेगळ्याच दाराने आला.

वडील लालबागला गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. पुढे पेपरात सारखं यायचं, 'आजारी गिरण्या', 'सिक मिल'. १९८५ साली केंद्र सरकारने आजारी उद्योगांसाठी कायदाही केला. साचलेला तोटा कंपनीच्या सगळ्या निव्वळ मालमत्तेएवढा किंवा त्याहून जास्त झाला की ती कंपनी कायद्याने 'सिक' ठरायची.

वडिलांना हा शब्द फार लागायचा. ते म्हणायचे, "आजारी कोण पडतं? ज्याला कुणी खायला घालत नाही, ज्याच्या दुखण्याकडे कुणी बघत नाही, तो. साचे तीस-चाळीस वर्षं बदलले नाहीत आणि आता म्हणतात गिरणी आजारी." आजार म्हटला की दोष कुणाचाच उरत नाही, हे त्यांना सलायचं. तोट्याला आजार म्हणणाऱ्यांनी शब्द फार विचार करून निवडला असं मला आजही वाटतं. पुढे वडील स्वतः आजारी पडले. तेव्हा त्यांच्यासाठी कुठला कायदा नव्हता.

रानजाई (मंगळवार, दुपारी २.४०)

गिरणगावदादा, काय लिहू. तुमच्या वडिलांचं वाक्य मी डायरीत उतरवून घेतलंय.

ड्युटीवर आहे, सविस्तर रात्री लिहीन.

मांडवीकाठ (मंगळवार, दुपारी ४.१५)

गोव्याहून लिहितोय. एक शब्द इथून निघून युरोपभर फिरून आला, त्याची हकीकत सांगायलाच हवी.

आपल्याकडे कोकणी-मराठीत 'मोडशी' म्हणतात ना, अजीर्ण होऊन पोट बिघडतं ते. हा शब्द पूर्वी पटकीलाही, म्हणजे कॉलऱ्यालाही, लावत. अंग मोडून पडतं, माणूस मोडतो, म्हणून मोडशी. १५४३ मध्ये गोव्यात पटकीची भयंकर साथ आली, तिचं वर्णन गास्पार कोरिया या पोर्तुगीज बखरकाराने केलंय आणि त्यात रोगाचं नाव 'मोरिशी' असं दिलंय. पुढे १५६३ साली गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यातही इथले लोक या रोगाला काय म्हणतात ते त्याने नोंदवलंय. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं 'मोर्देशीं' झालं. ते ऐकून फ्रेंच लोकांनी आपल्या भाषेत अर्थ बसवला, 'मोर द शियाँ', म्हणजे कुत्र्याचं मरण! अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपियन लोक पटकीला हे नाव वापरत होते. आपल्या 'मोडणे' या साध्या क्रियापदात त्यांना कुत्रा ऐकू आला.

उलट दिशेनेही एक शब्द आला. 'इस्पितळ' हा इंग्रजी 'हॉस्पिटल'चा अपभ्रंश नाही. तो पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, इंग्रजांच्या आधी. दोघांच्या मुळाशी लॅटिन 'होस्पेस', म्हणजे पाहुणा आणि यजमान दोन्ही.

डॉ_कडुनिंब (मंगळवार, सायंकाळी ७.३०)

मांडवीकाठ, फार छान माहिती. 'कॉलरा'बद्दल पुढे जोडतो. ग्रीक 'खोले' म्हणजे पित्त. शरीरात चार रस असतात आणि त्यांचा तोल गेला की रोग होतो, या समजुतीतून हे नाव पडलं. 'कॉलेरिक' म्हणजे तापट माणूस, त्याच पित्तातून. आपण 'त्याचं पित्त खवळलं' म्हणतो, तेव्हा वेगळं काय म्हणतो? 'मेलँकली' म्हणजे काळं पित्त. खिन्नतेचं खापर त्यांनी काळ्या पित्तावर फोडलं होतं.

प्रत्येक नाव हे त्या वेळच्या समजुतीचं नाव असतं, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. 'मलेरिया' म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा. रोमच्या भोवतालच्या दलदलीतून येणाऱ्या कुबट हवेने हा ताप येतो असा समज होता. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना ॲनाफिलिस डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला, आणि हवा निर्दोष ठरली. नाव मात्र तेच राहिलं. आपला 'हिवताप' बघा, त्यात कारणाचा दावाच नाही. हीव भरतं आणि ताप येतो, जे दिसलं ते सांगितलं. म्हणून तो शब्द आजही खोटा पडलेला नाही.

'इन्फ्ल्युएन्झा' हाही इटालियन. म्हणजे प्रभाव, ग्रहताऱ्यांचा. १७४३ च्या साथीच्या वेळी हा शब्द इंग्रजीत रुळला. १९१८ ची साथ आपल्याकडे आली तेव्हा लोकांनी तिला 'मानमोडी' म्हटलं. पुन्हा 'मोडणे' आलंच.

टेम्सकाठी (मंगळवार, रात्री ८.०२)

आणि प्लेग?

डॉ_कडुनिंब (मंगळवार, रात्री ८.२०)

लॅटिन 'प्लागा', म्हणजे तडाखा, घाव. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात काय झालं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच. तडाखा हाच शब्द त्याला शोभतो.

'क्वारंटीन' सगळ्यांना २०२० पासून पाठ आहे. व्हेनिसच्या बोलीत चाळीस दिवस. त्याआधी १३७७ साली रागुसाने, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकने, बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस अडकवून ठेवायचा नियम केला होता. तीसचे पुढे चाळीस झाले आणि नाव चाळीसचं राहिलं. आपण चौदा दिवस घरात बसलो तरी 'चाळिशी'च पाळत होतो.

उंबरठा (मंगळवार, रात्री ९.१५)

हे सगळे शब्द मूळचे संस्कृतच असणार. मला एक मेसेज आला होता, त्यात हॉस्पिटल, पेशंट, डॉक्टर सगळ्यांची संस्कृत मुळं दिली होती. पेशंट म्हणजे 'पथ्य' पाळणारा वगैरे. इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललं.

अक्षरवेल्हाळ (मंगळवार, रात्री १०.३०)

उंबरठा, तुमचा अभिमान समजतो, पण तो मेसेज चुकीचा आहे. पेशंट आणि पथ्य यांचा काही संबंध नाही. आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही, त्याला ध्वनींचे नियम असतात आणि ते सगळीकडे सारखे लागू करावे लागतात.

पण तुमच्या मनात जी ओढ आहे तिला खरा आधारही आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच आईच्या लेकी. कुणी कुणाची आई नाही. त्यामुळे काही शब्द खरोखरची भावंडं आहेत, आणि मला ती मेसेजमधल्या जोड्यांपेक्षा फार सुंदर वाटतात.

'नॉशिया' म्हणजे मळमळ. ग्रीक 'नाउस' म्हणजे जहाज, बोट लागल्यावर जे होतं ते नॉशिया. हा 'नाउस' आणि आपली 'नौ', 'नौका' सख्खी भावंडं. घाटात एसटी लागल्यावर पोटात जे ढवळतं त्या शब्दात एक होडी आहे.

'व्हायरस' म्हणजे लॅटिनमध्ये विष. तो आणि संस्कृत 'विष' एकाच मुळाचे. म्हणजे 'विषाणू' हा शब्द ज्यांनी घडवला त्यांनी दोन दुरावलेल्या बहिणींची गाठ घालून दिली.

टीबीचं जुनं वैद्यकीय नाव 'थायसिस', ग्रीक 'फ्थिसिस', म्हणजे झिजणं. आणि आपला 'क्षय'. दिसायला किती वेगळे! पण ग्रीक 'फ्थि' आणि संस्कृत 'क्षि' या एकाच धातूच्या दोन शाखा आहेत. अंगावरचं मांस उतरत जाणारा माणूस बघून अथेन्समधल्या वैद्याने आणि इथल्या वैद्याने तोच शब्द उच्चारला. इंग्रजीतही टीबीला 'कन्झम्पशन' म्हणत, खाऊन टाकणारा. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी जंतू दाखवला, तोवर सगळ्यांना फक्त झिजणंच दिसत होतं.

आणि 'डायग्नोसिस' मधला 'ग्नो' म्हणजे आपला 'ज्ञा'. जाणणं.

उंबरठा (मंगळवार, रात्री १०.५८)

हे असं कुणी कधी समजावलंच नव्हतं. नौका आणि नॉशिया! मेसेज ज्यांना पुढे पाठवला होता त्यांना आता हे पाठवतो.

मांडवीकाठ (मंगळवार, रात्री ११.१०)

अक्षरवेल्हाळ, कावीळ राहिली की.

अक्षरवेल्हाळ (बुधवार, सकाळी ७.२०)

कावीळ मुद्दाम मागे ठेवली होती.

'जाँडिस' फ्रेंच 'जोन' म्हणजे पिवळा यावरून. तेवढ्यावर थांबलं असतं तर साधी गोष्ट होती. पण डॉक्टर लोक 'इक्टेरस' म्हणतात ना, तो ग्रीक शब्द कावीळ आणि एक पिवळा पक्षी या दोघांचं नाव आहे. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की कावीळ झालेल्याने त्या पक्ष्याकडे पाहिलं की माणूस बरा होतो आणि पक्षी मरतो.

आता ऋग्वेद उघडा, पहिल्या मंडलातलं पन्नासावं सूक्त, सूर्याचं. शेवटी ऋषी म्हणतो, माझा हा पिवळेपणा आम्ही पोपटांत ठेवतो, इतर पाखरांत ठेवतो. अथर्ववेदातही हेच येतं. माणसाचा पिवळा रंग पाखरावर सोपवायचा, ही कल्पना हजारो मैलांच्या अंतरावर दोन्हीकडे. त्यांनी एकमेकांकडून घेतली की दोघांनी आजोळाहून आणली, यावर मी निवाडा देणार नाही. पण सकाळी खिडकीत हळद्या दिसला की मला हे आठवतं.

रानजाई (बुधवार, सकाळी ८.०५)

अक्षरवेल्हाळदादा, हे वाचताना अंगावर काटा आला. पण इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आमच्या भागात अजून 'कावीळ उतरवायला' नेतात. कुणी हात चुन्याच्या पाण्यात धुतं, पाणी पिवळं झालं की म्हणतात उतरली. मागच्या पावसाळ्यात एक बाळंतपणाला आलेली मुलगी अशीच आठ दिवस फिरवून मग आणली. वाचली, पण फार थोडक्यात. पाखराची गोष्ट मनात ठेवावी, रक्त मात्र तपासून घ्यावं. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी.

लोहमार्ग (बुधवार, सकाळी ९.००)

ताई, शंभर टक्के.

'चिकुनगुनिया'चं कुणी सांगा. २००६ साली आमच्या कॉलनीत घरटी एक माणूस आडवा होता. त्याच वर्षी नवापूरला बर्ड फ्लू आलेला, त्यामुळे लोकांनी दोन्ही एक करून टाकलं. 'चिकन गुनिया' म्हणत कोंबडी खाणं बंद केलं.

डॉ_कडुनिंब (बुधवार, दुपारी १.१५)

कोंबडीचा काडीचाही संबंध नाही. १९५२ मध्ये आजच्या टांझानियातल्या माकोंडे पठारावर ही साथ पहिल्यांदा ओळखली गेली आणि शब्द माकोंडे लोकांच्या भाषेतला. वाकवून टाकणारा, असा अर्थ. सांधे धरल्यामुळे माणूस कमरेत वाकून चालतो, त्यावरून. डासाने होणारा आजार तो, पसरवणारा डासही डेंगीचाच. २००६ ला मी रोज साठ-सत्तर जणांना 'कोंबडी खा, पण पाण्याचे पिंप रिकामे करा' हेच सांगत होतो. नाव समजलं असतं तर निम्मं काम झालं असतं.

'व्हॅक्सीन' घ्या. लॅटिन 'वाक्का' म्हणजे गाय. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गायीच्या देवीची लस टोचून माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळवलं. सहा वर्षांत, १४ जून १८०२ ला, मुंबईत तीन वर्षांच्या मुलीला टोचून हिंदुस्थानातली पहिली लस दिली गेली. पुढे जेन्नर यांच्या सन्मानार्थ लुई पाश्चर यांनी सगळ्याच लसींना हा गायीचा शब्द लावला. आणि आपली 'लस' म्हणजे फोडातून, जखमेतून झिरपणारा द्रव. इंग्रजीने गाय लक्षात ठेवली, मराठीने थेंब.

टेम्सकाठी (बुधवार, दुपारी ४.३०)

फिजिशियनबद्दल मी वाचलं होतं. ग्रीक 'फिसिस' म्हणजे निसर्ग, मूळ स्वभाव. आई फोनवर रोज विचारते 'तब्येत कशी आहे?' आणि बाबा विचारतात 'प्रकृती बरी ना?' तब्येत अरबीतून आला, त्याचाही मूळ अर्थ स्वभाव, निसर्ग. प्रकृतीचा तर तोच. तीन भाषांत तीन शब्द आणि तिन्हींचा अर्थ एक. आमच्या घरात दोन रोज ऐकू येतात, हे मला आजच कळलं.

अक्षरवेल्हाळ (बुधवार, सायंकाळी ६.१०)

सुरेख! 'आजार'ही बाहेरचाच, फारसी. तिथे त्याचा अर्थ इजा, त्रास. 'दमा'ही फारसी 'दम' म्हणजे श्वास यावरून. रानजाईताईंच्या आजींच्या कार्डावर ग्रीक शब्द होता आणि आजींच्या तोंडी फारसी.

गिरणगाव (बुधवार, रात्री ९.४५)

मंडळी, एक विचारायचंय. शब्दांबद्दलच आहे, म्हणून इथेच विचारतो.

आईच्या मानेवर गाठ होती. तुकडा काढून तपासायला दिला होता. आज संध्याकाळी रिपोर्ट आला. डॉक्टर उद्या अकराला भेटणार. रिपोर्टमध्ये 'बिनाइन' असा शब्द आहे आणि खाली 'निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी'. बहिणीने निगेटिव्ह वाचलं आणि रडायला लागली. आई देवापुढे बसली आहे. मला वाटतं ते चांगलं आहे, पण खात्रीने सांगायला जीभ रेटत नाही.

रानजाई (बुधवार, रात्री ९.५१)

दादा, आधी बहिणीला उठवा. निगेटिव्ह म्हणजे 'नाही सापडलं'. ज्याच्यासाठी तपासलं ते त्यात नाही. वॉर्डात रोज हा गोंधळ होतो. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं आणि निगेटिव्ह म्हणजे वाईट असं आपण शाळेत शिकतो, रिपोर्टात तसं नसतं. मॅलिग्नन्सी म्हणजे कर्करोगाची गाठ. ती नाही, असं लिहिलंय. बाकी उपचाराचं उद्या डॉक्टर सांगतीलच, रिपोर्ट घेऊन जा.

डॉ_कडुनिंब (बुधवार, रात्री ९.५८)

रानजाईताईंनी बरोबर सांगितलं. उद्या दाखवाच, पण आज रात्री झोपा.

अक्षरवेल्हाळ (बुधवार, रात्री १०.०४)

'बिनाइन' लॅटिन आहे. 'बेने' म्हणजे चांगला आणि पुढचा भाग जन्मण्याचा, आपल्या 'जन्'चा भाऊ. चांगल्या कुळीचा, प्रेमळ. 'मॅलिग्नंट' त्याच्या उलट, वाईट जातीचा. कॅन्सर म्हणजे खेकडा, गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या म्हणून. आपण राशीतला तोच खेकडा घेऊन 'कर्करोग' केला. तुमच्या आईच्या गाठीला ते पाय नाहीत.

गिरणगाव (बुधवार, रात्री १०.४०)

आईला सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "म्हणजे मराठीत काय?" मी म्हटलं, साधी गाठ. बहिणीने चहा टाकलाय. रात्रीचे पावणेअकरा झालेत आणि आम्ही सगळे चहा पितोय.

रानजाई (बुधवार, रात्री १०.४४)

साधी गाठ. बरोबर सांगितलंत. उद्या अकरानंतर इथे दोन ओळी लिहा, मी दुपारपाळीला आहे, मधल्या सुट्टीत बघेन.